साठवणीचं काय घरी करावं आणि काय विकत आणावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघंही नोकरी करता, ठाण्यात फ्लॅट आहे आणि बाल्कनीत जेमतेम तासभर ऊन येतं. तूप, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, गोडा मसाला, लाल तिखट, दाण्याचं कूट, आलं-लसणाची पेस्ट हे सगळं सध्या पाकिटातून येतं. यातलं घरी काय जमेल, काय टिकेल आणि काय परवडेल? सासूबाई म्हणतात, एकदाच वर्षाचं करून टाका. तुम्हाला ते झेपेल असं वाटत नाही.

मी बरीच वर्षं भाजणी आणि मसाल्यांच्या ऑर्डरी घेते आणि घरचंही सगळं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचं. वर्षाचं एकदम करायची पद्धत विचार करूनच पडलेली होती. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नवी मिरची, नवे धने, नवी हळद बाजारात येते, भाव उतरलेले असतात, त्यापाठोपाठ चैत्र-वैशाखाचं ऊन मिळतं, आणि जूननंतर चार महिने काहीच धड वाळत नाही. शिवाय घरात दहा-बारा माणसं, त्यामुळे डबा कितीही मोठा असला तरी मसाला जुना व्हायच्या आत संपायचा. तुमच्याकडे दोन माणसं, गच्ची नाही आणि समुद्राजवळची दमट हवा. तिथे दोन किलो गोडा मसाला कुटून ठेवलात तर दिवाळीपर्यंत त्याचा वास गेलेला असेल आणि त्यातलं खोबरं खवट झालेलं असेल. म्हणून माझा नियम असा आहे: अख्खा माल वर्षाचा घ्या, दळलेला माल महिना-दोन महिन्यांचाच करा. धन्याचा, लवंगेचा, मिऱ्याचा वास त्यांच्या आतल्या तेलात असतो. दाणा अख्खा असेपर्यंत ते तेल आत राहतं, पूड केली की लगेच उडायला लागतं. पाकिटातल्या मसाल्याची खरी अडचण हीच आहे. कंपनी चांगली असली तरी तो कधी दळला, गोदामात आणि दुकानात किती दिवस पडून होता, यावर आपला ताबा नसतो.

सुरुवात दाण्याच्या कुटापासून करा, कारण त्याला काहीच लागत नाही. दाणे मंद आचेवर खमंग भाजा, पूर्ण गार होऊ द्या, साल चोळून पाखडून टाका आणि मिक्सर थांबवत थांबवत भरड फिरवा. सलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो. भाजण्याआधी दाणे ताटात पसरून नीट निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले दाणे बाजूला काढून फेकून द्या. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि नेहमीच्या भाजण्याने नाहीसं होत नाही. तयार कुटात कसले दाणे गेले हे कळायला मार्ग नसतो, म्हणून माझ्या मते कूट कधीच विकत घेऊ नये. आठवड्यापुरतं करा, फार तर दोन आठवड्यांचं, आणि ते फ्रिजमध्ये ठेवा.

तुपाबद्दल मात्र बरंच सांगायचं आहे, कारण ते घरी करण्यात सगळ्यात जास्त फायदा आहे आणि गोंधळही तिथेच जास्त होतात.

तुम्ही कुठलं दूध घेता ते आधी पाहा. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट असतं, म्हणजे लिटरमागे ६० ग्रॅम. टोन्ड दुधात ते ३ टक्केच. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलं असेल तर त्यातली चरबी बारीक करून दुधात विखुरलेली असते आणि साय जेमतेम धरते. रोज एक लिटर फुल क्रीम दूध तापवून, गार करून, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलं आणि त्यातलं निम्मं फॅट जरी सायीतून हाताला लागलं, तरी आठवड्याला पाव किलोच्या आसपास लोणी निघतं आणि दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप होतं. दूध तुम्ही आणताच, त्यामुळे हे तूप जवळजवळ फुकट पडतं. तुमचं दूध टोन्ड असेल तर सायीच्या मागे लागू नका. मीठ नसलेलं बटर आणून कढवा. त्यात साधारण ८० टक्के फॅट असतं, म्हणजे अर्धा किलोचं चारशे ग्रॅमपेक्षा थोडं कमी तूप होतं. हे स्वस्त पडतंच असं नाही, पण ताजं आणि खात्रीचं मिळतं.

साय साठवताना पुष्कळ जणी ती नुसतीच डब्यात टाकत जातात. आठ-दहा दिवसांत तिला कुबट वास येतो आणि मग तुपालाही तोच वास लागतो. पहिल्या दिवशीच डब्याच्या तळाला दोन चमचे ताजं, गोडसर दही घाला आणि रोजची साय त्यावर टाकून ढवळत जा. डबा फ्रिजमध्येच राहू द्या. आठवडा भरला की डबा रात्री बाहेर काढून ठेवा, सकाळपर्यंत साय नीट विरजते. विरजलेल्या सायीच्या तुपाला जो वास येतो तो नुसत्या सायीच्या तुपाला येत नाही.

घुसळताना सगळा खेळ तापमानाचा असतो. मे महिन्यात विरजण कोमट होऊन लोणी पातळच राहतं, वर येत नाही, तेव्हा बर्फाचं पाणी घाला. थंडीत उलट होतं. साय घट्ट राहते आणि नुसता फेस होत राहतो, तेव्हा वाटीभर कोमट पाणी घाला. आधी रवाळ कण दिसतात, मग ते एकमेकांना चिकटतात आणि ताक वेगळं होतं. लोणी हाताने गोळा करून गार पाण्यात दोन-तीनदा धुवा, धुतलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. ताक राहिलं की बेरी जास्त पडते आणि ती करपण्याचा धोका वाढतो. पहिलं दाट ताक टाकू नका, त्याची कढी फार छान होते.

कढवताना जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच घ्या. लोणी वितळलं की मोठा पांढरा फेस येतो आणि तडतड आवाज सुरू होतो. तो आवाज पाण्याचा असतो. पाणी उडत गेलं की आवाज कमी होतो, फेस बसतो, खालचं तूप पारदर्शक दिसायला लागतं आणि बेरी तळाला जाते. इथून पुढे गॅससमोरून हलू नका. थोड्या वेळात पुन्हा एक बारीक, दाट फेस वर येतो आणि वास एकदम बदलतो, दुधाळ होता तो खमंग होतो. चमच्याने तळ किंचित खरवडून बघा. बेरी फिकट बदामी झाली की गॅस बंद करा. गडद बदामी व्हायची वाट बघू नका, कारण पातेल्याच्या उष्णतेने ती पुढे आणखी भाजली जाते. आमच्याकडे शेवटी विड्याचं पान टाकतात. ते तुपात चुरचुरून कुरकुरीत झालं की तूप झालं, अशी खूणही मिळते. जरा कोमट झालं की कोरड्या बरणीत गाळा आणि बाहेरच हळूहळू गार होऊ द्या. सावकाश गार झालं की तूप रवाळ होतं, लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर नुसतं घट्ट होतं. ओला चमचा घातला नाही तर ते बाहेर महिनाभर सहज राहतं. बेरीत थोडी भाजलेली कणीक आणि गूळ घालून वड्या करा, मुलांना फार आवडतात.

आता भाजणी. मी सगळ्यात जास्त तीच करते, आणि पाकिटातल्या व घरच्या पदार्थात सगळ्यात मोठा फरक मला तिथेच दिसतो. थालीपीठाच्या भाजणीचं दोघांपुरतं माप असं: दोन वाट्या ज्वारी, एक वाटी बाजरी, एक वाटी तांदूळ, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी गहू, पाव वाटी धने आणि दोन चमचे जिरं. घरोघरी हे माप बदलतं. कुणी अख्खे काळे उडीद घालतं, कुणी मटकी, कुणी नाचणी. काहीही घाला, पण उडीद आणि हरभरा डाळ वगळू नका. उडदाने पीठ बांधलं जातं आणि डाळीने खुसखुशीत होतं.

प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, यात तडजोड करू नका. दाण्याचा आकार वेगळा, आतला ओलावा वेगळा, त्यामुळे एकत्र भाजलं की जिरं जळतं आणि गहू कच्चा राहतो. लोखंडी कढई आणि मध्यम ते मंद आच घ्या. ज्वारीचे पाच-दहा दाणे लाहीसारखे फुटले की ती झाली. तांदूळ पांढराशुभ्र दिसतो आणि हाताला हलका लागतो. गहू फुगतो आणि एखाद-दुसरा दाणा तडकतो. हरभरा डाळ गुलाबी होते, आणि एक दाणा दाताखाली फोडलात तर आतपर्यंत कुरकुरीत लागला पाहिजे. बाहेरून गुलाबी आणि आतून कच्ची डाळ हे बिघडलेल्या भाजणीचं सर्वात नेहमीचं कारण आहे, कारण तिचं थालीपीठ तोंडात चिकटतं. उडीद डाळीचं मात्र रंगावर नाही, वासावर ओळखायचं. खरपूस वास घरभर पसरला की तीस-चाळीस सेकंदांत खाली उतरवा. धने-जिरं फक्त गरम करा. बाजरी शेवटी घ्या आणि नीट भाजा. बाजरीत तेल जास्त असतं आणि तिच्यातला एक घटक ते तेल झपाट्याने खवट करतो. म्हणूनच बाजरीचं कच्चं पीठ आठ-दहा दिवसांतच कडू लागतं. भाजण्याच्या उष्णतेने तो घटक निकामी होतो आणि त्याच बाजरीची भाजणी दोन-अडीच महिने चांगली राहते.

सगळं मोठ्या कापडावर पसरून पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या. गिरणीवाल्याला दोन गोष्टी सांगा: ‘किंचित भरड ठेवा’ आणि ‘आधी कुणाची भाजणी किंवा गहू झाला असेल त्यानंतर माझं घाला.’ जात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहतंच, आणि मिरचीनंतर तुमची भाजणी पडली तर काही खरं नाही. बहुतेक गिरण्यांत भाजणीचा वार किंवा वेळ ठरलेली असते, ती विचारून घ्या. थोडक्या मापाचं मिक्सरवरही होतं, फक्त चाळून घ्या. पीठ गिरणीतून गरम येतं. घरी आल्याबरोबर डब्यात भरून झाकण लावलंत तर आतल्या वाफेने ओल धरते आणि जाळी होते. तासभर उघडं ठेवा, मग भरा.

भाजणीचा हात बसला की मेतकूट आपोआप येतं. एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी तांदूळ, दोन चमचे गहू, एक चमचा धने, एक छोटा चमचा जिरं, एक छोटा चमचा मोहरी, अर्धा चमचा मेथी, चार-पाच सुक्या मिरच्या, मग हळद, सुंठ, हिंग आणि किंचित जायफळ. मेथी रंग जरा बदलेपर्यंतच भाजा, लाल झाली तर सगळं मेतकूट कडू होतं. भाजणी भरड दळायची, मेतकूट मात्र अगदी बारीक आणि बारीक चाळणीने चाळलेलं हवं. मऊ भात, तूप आणि ताजं मेतकूट एकदा खाऊन बघा, पाकीट पुन्हा आणवणार नाही.

गोडा मसाला पहिल्यांदा करताना कमीच करा. माझं माप असं: पाव किलो धने, शंभर ग्रॅम सुकं खोबरं, पन्नास ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम जिरं, पंधरा ग्रॅम दगडफूल, दालचिनी, लवंग, मिरे, शहाजिरं, तमालपत्र प्रत्येकी दहा ग्रॅम, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, मसाला वेलची प्रत्येकी पाच ग्रॅम, एक चमचा हळद आणि एक चमचा हिंग. दोघांसाठी याच्या निम्मं पुष्कळ झालं. दगडफूल नीट निवडा. ते झाडांच्या सालीवर आणि खडकांवर वाढतं, त्यामुळे त्यात सालीचे तुकडे आणि खडे येतात, आणि एक खडाही आमटीत दाताखाली कचकतो. खडा मसाला थेंब-थेंब तेलावर एकेक करून परता. तीळ आणि किसलेलं खोबरं कोरडं भाजा. धन्याला सर्वाधिक वेळ द्या, कारण मसाल्याचा निम्मा भाग तेच असतात आणि ते कच्चे राहिले तर भाजीला हिरवट वास येतो.

एक युक्ती सांगते, ती लहान घरांना फार उपयोगी आहे. खोबरं आणि तीळ मसाल्यात मिसळूनच ठेवू नका. खवटपणा येतो तो या दोघांमुळे. बाकीचा सगळा मसाला कोरडा दळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि महिन्याला लागेल तेवढ्यात ताजं भाजलेलं तीळ-खोबरं कुटून मिसळा. असा कोरडा मसाला चार महिने छान राहतो. मिक्सर थोडा थोडा वेळ फिरवा आणि भांडं गार होईपर्यंत उघडू नका. गरम भांडं उघडल्यावर घरात जो सुंदर वास पसरतो, तो मसाल्यातून कमी झालेला असतो.

लाल तिखटाला नियमात थोडी सूट देते. मिरची हंगामातच घ्या, मार्च-एप्रिलमध्ये, कडकडीत वाळलेली, मुठीत दाबली की मोडणारी. रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. तीन भाग ब्याडगी आणि एक भाग तिखट मिरची हे बहुतेकांना पटतं. ठाण्याहून लालबागची मिरची गल्ली लांब नाही. तिथे मिरची निवडून घेऊन तिथल्याच कांडप गिरणीवर समोर उभं राहून कुटून आणता येते. दोघांना वर्षाला किलोभर पुरेल. त्यातलं महिन्याचं बाहेर आणि बाकीचं फ्रिजमध्ये ठेवा, रंग टिकतो. हळकुंडंही अशीच गिरणीवर द्या, घरच्या मिक्सरचं पातं मोडेल इतकी ती टणक असतात. सुट्या तिखट-हळदीत भेसळीचे रंग मिसळल्याची प्रकरणं वारंवार उघडकीला आली आहेत. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून वापरलं जाणारं लेड क्रोमेट तर शिशाचं संयुग आहे, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. म्हणून सुटी पूड घेऊच नका. एक तर अख्खं घेऊन डोळ्यांसमोर दळा, नाहीतर परवाना क्रमांक असलेलं पाकीट घ्या.

आलं-लसणाबद्दल मात्र सावध करते. लसूण वाटून त्यावर तेल ओतून बरणी ओट्यावर ठेवायचा सल्ला सगळीकडे फिरतो, तो धोक्याचा आहे. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणात आम्लता कमी असते. अशा ठिकाणी बॉट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात, आणि त्याचा वास किंवा चव कळतेच असं नाही. घरचं वाटण फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांपुरतंच ठेवा. जास्त केलंत तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि रोज एक खडा काढा.

आता न करण्याच्या गोष्टी. उडदाचे पापड विकत आणा, मनात काहीही न ठेवता. पीठ कुटायला आणि लाटायला चार हात लागतात आणि ऊन लागतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. बायकांच्या हातचेच पापड आहेत, ते घेण्यात कसला कमीपणा? कुरडया, शेवया, सांडगे, बिबडे यांनाही तुमचं तासभराचं ऊन पुरणार नाही. बचत गटांकडून घ्या. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गावोगावच्या बायका स्वतः केलेला माल घेऊन येतात, तिथे वर्षाचं एकदम घेता येतं. आमसुलं कोकणातून कुणी येणार असेल तर मागवा. हिंग तर विकतच घ्यावा लागतो. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. घरात कुणाला गहू चालत नसेल तर तांदळाच्या पिठातला हिंग मागा.

साठवणीला तुमचा शत्रू ओलावा आहे. डबे धुतल्यावर पुसून लगेच भरू नका, गॅसजवळ किंवा उन्हाच्या त्या तासात पूर्ण कोरडे होऊ द्या. मसाल्याचा डबा उकळत्या भाजीवर धरून त्यातून चमचा काढायची सवय असेल तर मोडा, वाफ थेट आत जाते. नव्या डाळी आणि धान्य आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरलंत तर किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर धान्यावर पाणी धरतं. ऊन नाही म्हणून खट्टू होऊ नका, भाजण्यात निम्मं वाळवणं होतंच. धने-मिरचीला थोडी ओल वाटली तर ओव्हनमध्ये ६० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून तासभर ठेवा.

पैशांचं विचारलंत. सायीचं तूप आणि दाण्याचं कूट यात नक्की बचत होते. भाजणी-मेतकुटात थोडी होते. गोड्या मसाल्यात विशेष नाही, कारण चांगली लवंग, दालचिनी, जायपत्री महागच असते. तो चवीसाठी करायचा. वेळ म्हणाल तर तूप आठवड्याला पाऊण तास घेतं आणि भाजणी दीड-दोन महिन्यांतून एक सकाळ. पहिला महिना फक्त कूट आणि तूप करा. दुसऱ्या महिन्यात वर दिलेल्या मापाची भाजणी, एखाद्या रविवारी दोघं मिळून: एकाने कढई सांभाळायची, दुसऱ्याने निवडून द्यायचं. गोड्या मसाल्यासाठी मार्चपर्यंत थांबा, नवे धने येऊ द्या. आणि सासूबाईंना त्या दिवशी बोलवाच. उडीद डाळ नेमकी कुठल्या वासाला उतरवायची, हे मी इथे कितीही लिहिलं तरी त्या कढईशेजारी उभ्या राहून जास्त चांगलं शिकवतील.